पॉलिशवाल्याच्या डोळ्यांखाली

कारखान्यात त्याला सगळे आरसेबुवा म्हणत. नाव ठेवलं सुतारानं, तेही चेष्टेनं; पण काही टोपणनावं मापानं शिवलेल्या सदऱ्यासारखी बसतात, तसं हे बसलं. त्यानं पॉलिश केलेल्या टेबलावर वाकलं की लाकडाच्या खोलातून आपलाच चेहरा वर येतो. गिऱ्हाईक हसतं, केस सारखे करतं आणि टेबलाचे पाय नीट आहेत की नाहीत हे बघायचं विसरून जातं. सुतार म्हणे, पाय मी करतो आणि वाहवा हा खातो. मालकानं कितीही घाई केली, तरी आरसा झाल्याशिवाय नग दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही त्याची अट होती, आणि मालकानंही ती कधीच मान्य करून टाकली होती.

काम ऐकायला सोपं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा आणि तो लाकडावरून असा फिरवायचा की आपल्यावर काही चढतंय हे लाकडाला कळूही नये. त्यांच्या धंद्यात थराला थर म्हणत नाहीत, हात म्हणतात. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, वरून झिजलेला पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा, मग दुसरा हात. असे हातावर हात चढत जातात आणि कधीतरी, नेमक्या कितव्या हाताला ते सांगता येत नाही, मेलेलं लाकूड डोळे उघडतं.

कुठे बोळ्याची रेघ उठली, कुठे डाग राहिला, हे समोरून दिसत नाही. त्यासाठी मान लाकडाच्या पातळीला आणायची, एक डोळा मिटायचा, दुसरा बारीक करायचा आणि खिडकीच्या उजेडाकडे तिरपं बघायचं. उभं आयुष्य त्यानं असं तिरपं बघत काढलं. स्पिरिटची वाफ झोंबे, डोळ्यांना पाणी येई, ते तो मनगटानं पुसे. आणि मनगटाला तरी काय, लाख आणि स्पिरिटच. पन्नाशी मागे पडली तेव्हा त्याच्या डोळ्यांभोवतीची कातडी आटलेल्या तळ्याच्या काठासारखी झाली होती. भेगा, पापुद्रे, कडेनं काळवंडलेला रंग. आरशासारख्या टेबलांत त्याला ते रोज दिसत असणार. पण तो टेबल बघत होता. ज्या नजरेनं माणूस जग बघतो, ती नजर स्वतःवर उलटवणं फार थोड्यांना जमतं.

ते डोळे बघितले धाकटीनं.

थोरली लग्न होऊन लांब गेली होती. धाकटी घरात, बोलकी, हट्टी, बापाच्याच वळणावर गेलेली. शिक्षण संपल्यावर एका कचेरीत बसून आली, तिथे तिचा जीव रमेना. मग मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या इमारतीत फक्त कोरियन प्रसाधनं विकणारं एक दुकान निघालं, तिथे लागली. घरी येऊन ती तासन्‌तास बोले. कोणतं पाण्यासारखं, कोणतं दह्यासारखं, कशात तांदळाचं पाणी, कशात गोगलगाईचा चिकट रस. आई म्हणाली, बाई गं, आणि हे लोक तोंडाला लावतात. बाप जेवता जेवता ऐकत राहिला. पण सुतारानं विचारलं, तुझी पोरगी काय करते हल्ली, तेव्हा तो नुसतं “दुकानात आहे” म्हणाला. कसलं दुकान, ते त्यानं सांगितलं नाही. पोरीनं डब्या विकाव्यात याची त्याला लाज नव्हती. पण डबी विकण्यात हाताचं काम काय, हे त्याला कळत नव्हतं, आणि ज्यात हाताचं काम नाही त्याबद्दल अभिमानानं कसं बोलतात हे त्याला माहीत नव्हतं.

दुकानाची प्रमुख, जिला सगळ्या मुली मॅडम म्हणत, तिचा एक शिरस्ता होता. नवी मुलगी आधी कच्ची. तिनं आपल्या घरातलं, पन्नाशीपुढचं एक माणूस निवडायचं, त्याच्या कातडीला काय हवं ते स्वतः ठरवायचं, महिनाभर करायचं, आणि मग एका दुपारी नेहमीच्या गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाला खुर्चीत बसवून सगळं सांगायचं. या दुपारला दुकानात ‘ओळखीची दुपार’ म्हणत. ती पार पडली तर मुलगी पक्की. नाही तर रामराम. मॅडमचं म्हणणं असं, की जिला घरचं माणूस खुर्चीत बसवता येत नाही तिनं परक्याच्या तोंडाला हात लावू नये.

बाकीच्या मुलींनी आया, मावश्या ठरवल्या. धाकटीनंही आधी आईलाच धरलं. आईचं तोंड गोल, गुळगुळीत, वयाला न जुमानणारं. ती म्हणाली, “माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? बघायचेच तर तुझ्या बापाचे बघ. रोज संध्याकाळी उंदरानं कुरतडल्यासारखे चेहऱ्यावर घेऊन येतात.”

धाकटीनं वळून बापाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तिनं मान खाली केली, एक डोळा बारीक केला आणि खिडकीच्या उजेडाकडे त्याच्या चेहऱ्याची कड धरून तिरपं बघितलं. तो चपापला. असं बघायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

“बाबा, तुम्हीच,” ती म्हणाली. “सगळ्यात अवघड तुम्ही आहात.”

इतकी वर्षं कष्ट केल्यावर आपण कशात तरी सगळ्यात अवघड निघालो, याचं त्याला जरा बरंच वाटलं. पण तोंडानं तो नाही नाही म्हणत राहिला. मी पुरुषमाणूस, बायकांच्या घोळक्यात बसू का. लोक हसतील. शेवटी आईनंच दटावलं, की पोरीच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, तुमच्या मिशीचा नाही.

धाकटीनं पहिल्यांदा त्याला काहीच लावलं नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळे बरे होते, नंबर मात्र वाढला होता. म्हणजे बारीक करून बघण्यातली निम्मी मेहनत फुकटचीच होती. नवा चष्मा आला. मग तिनं त्याच्या मनगटांवर बंदी घातली. डोळ्यांना पाणी आलं तर स्वच्छ रुमाल, टिपायचा, पुसायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत हात साबणानं धुवायचे. लाखेच्या भांड्याला झाकण. खिडकी उघडी. हे सगळं त्याला आधीच कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं.

मग एका सुट्टीच्या सकाळी तिनं त्याला दुकानात नेऊन दिव्याखाली बसवलं. भिंतभर फळ्या, फळ्यांवर डब्या, नळ्या, बाटल्या, जणू एखाद्या फार नेटक्या रंगाऱ्याचं कपाट. ती एकेक काढायची, वास घ्यायची, परत ठेवायची. वासाचं नको, त्याला स्पिरिटचा वास पुरे झालाय. मोत्यासारखी चमक देणारं नको, ते नुसतं वरून फसवतं. सुरकुत्या पुसायचं औषध आहे म्हणतात ते जरा जळजळीत, आधीच सोललेल्या कातडीला नको. घट्ट, लोण्यासारखं एक चिनीमातीच्या डबीत होतं, त्याबरोबर इवलासा चमचा. चमचा त्याला फार आवडला. पण तिनं तेही बाजूला सारलं. तुमच्या डोळ्यांखाली हे जड होईल, म्हणाली. अखेर एक पाणीदार, बिनवासाचं जेल राहिलं. ते तिनं आधी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावलं आणि दोन दिवस तिथेच लावत राहिली. खाज नाही, लाली नाही. मग डोळ्यांकडे वळली.

हे त्याला पटलं. तोही नवी लाख आधी फळीच्या मागच्या बाजूला लावून बघत असे. शिवाय या कोरियन पद्धतीचा नियमच असा, की पातळ आधी, घट्ट मग, आणि दोन्हींच्या मध्ये थांबायचं. तो सुताराला म्हणाला की कुठल्या का देशात असेना, या लोकांना पॉलिश कळतं. असं म्हणताना पोरीचं दुकान कसलं हेही त्याच्या तोंडून निघून गेलं. सुतारानं रंधा थांबवला आणि विचारलं, बुवा, या वयात कोणासाठी हे नटणं चाललंय, वहिनींना सांगू का.

धाकटीनं लावायचं कसं ते दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढं, तेही दोन्ही डोळ्यांना मिळून. करंगळीशेजारच्या बोटानं, कारण त्या बोटात सगळ्यात कमी जोर असतो. पापणीवर नाही, डोळ्याखाली जे हाड लागतं त्याच्यावर, टिचक्या मारल्यासारखं, चोळायचं नाही. वरून सकाळी उन्हापासून जपणारं मलम. रात्री परत तेच जेल.

“किती हात द्यायचे?” त्यानं विचारलं.

“एकच.”

“एका हातानं काय होतं, बाळ? एका हातानं लाकूड नुसतं ओलं होतं.”

“एकच म्हटलं ना बाबा,” ती म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

त्या कमजोर बोटाशी त्याची गाठ पहिल्यांदाच पडत होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बोळा धरत. हे चौथं नुसतं सोबतीला असे. त्याला काम सांगायचं म्हणजे घरात आयुष्यभर गप्प बसलेल्या काकांना एकदम भाषण करायला सांगण्यासारखं होतं. बोट थरथरे, भलतीकडे जाई. पण सवय झाली. आठवडाभरानं खाज थांबली. पापुद्रे निघाले ते परत आले नाहीत. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या नसत. त्यानं कोणाला सांगितलं नाही, पण आपल्या तोंडावर चष्म्याच्या खाली दोन जिवंत जागा आहेत हे त्याला कितीतरी वर्षांनी जाणवलं.

सुरकुत्या मात्र होत्या तिथेच होत्या.

आणि इथे माशी शिंकली. एका संध्याकाळी तो धाकटीला आणायला दुकानाशी गेला. आत दुसरी एक कच्ची मुलगी आपल्या मावशीला सगळ्यांना दाखवत होती. मावशीचं कपाळ, गाल, डोळ्यांखालची जागा, सगळं कसं न्हाऊन निघाल्यासारखं चकचकत होतं. दिव्याचा गोळा तिच्या गालावर उतरला होता. तो काचेबाहेर उभा राहून बघत राहिला. चमक म्हणजे काय हे त्याच्याइतकं कोणाला कळणार. या मावशीशेजारी त्याला बसवलं तर पोरीचं हसं होणार. ती हे दुकान गमावणार, आणि ते त्याच्या थोबाडापायी. लाकूडच हलक्या प्रतीचं असलं की कारागीर बदनाम होतो. हे त्यानं कितीकदा बघितलं होतं, आणि आज लाकूड तो स्वतः होता.

घरी ती लोण्यासारख्या मलमाची डबी होती. सगळं बापालाच, मला काहीच नाही, हा आईचा रुसवा काढायला म्हणून धाकटीनंच आणून दिलेली. आई ती टाचांना लावत असे. एवढ्याशा डबीतलं डोळ्यांना लावलं तर टाचांना काय उरणार, हा तिचा हिशेब. त्यानं ती डबी हळूच कारखान्यात नेली. कापसाचा छोटा बोळा केला, नव्या मलमलीत गुंडाळला. टेबलात बघत, लाकडावर करतो तसंच, आधी बारीक गोल, मग कातडीच्या रेघेच्या दिशेनं लांब ओढा. एक हात. जेवून आल्यावर दुसरा. चहानंतर तिसरा. प्रत्येक हातानंतर कान दुमडलेल्या मांजरासारखा तो खिडकीत बसून वाळायची वाट बघे. रात्री घरी पोरीसमोर शहाण्यासारखं तिचं जेल, चौथ्या बोटानं. पोर म्हणे, शाब्बास बाबा.

सुतारानं एकदा त्याला पकडलं. बोळा बघून तो हसला नाही, उलट गंभीरपणे म्हणाला की मधेमधे पॉलिश पेपर मारत नाहीस ना, तेवढं सांभाळ.

पहिले काही दिवस चमक आली. खरोखरच आली. डोळ्यांखाली दिवा उतरला. त्याला वाटलं, शेवटी आपला हात. मग एका सकाळी दाढी करताना त्याला दोन्ही डोळ्यांखाली लाली दिसली, आणि त्या लालीत पांढरे, बारीक, टाचणीच्या टोकाएवढे टणक दाणे. त्यानं नखानं एक टोचून बघितला. गेला नाही. आणखी लाल झाला.

तो आरशासमोर उभाच राहिला. ते दाणे काय आहेत हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. उमेदवारीच्या दिवसांत त्याच्या उस्तादानं एका कपाटाचं दार त्याच्याकडून पुन्हा मुळापासून घासून घेतलं होतं, कारण खालचा हात आत ओला असताना त्यानं वरचे हात चढवले होते. आत कोंडलेल्या ओलीला बाहेर यायला वाट राहिली नव्हती, आणि पॉलिशवर असेच फोड उठले होते. शिकाऊ पोरानं करावी ती चूक त्यानं या वयात केली होती, आणि लाकडावर नाही, तर पोरीच्या कामावर. तिनं दिलेला एक हात वाळायच्या आत त्यावर स्वतःचे दहा चढवले होते.

ओळखीची दुपार चार दिवसांवर आली होती.

त्यानं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. डबी समोर ठेवली, बोळाही ठेवला. आई म्हणाली, अति तिथे माती, आणि मग डबीत डोकावून म्हणाली, माझ्या टाचांचं सगळं संपवलंत. एरवी सगळे हसले असते. धाकटी हसली नाही, ओरडलीही नाही. तिनं त्याला दिव्याखाली घेतलं, हनुवटी धरून चेहरा वळवला आणि एकेका दाण्याकडे बघितलं. हे टोचायचे नाहीत, म्हणाली. आठवड्यात जाणार नाहीत, बरेच दिवस घेतील. आजपासून जेलसुद्धा बंद, नुसतं पाणी. लाली उतरली की मग बघू. तिचा आवाज अगदी सपाट होता. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून आली ती मॅडमचा निरोप घेऊन. मॅडमनं दोन वाटा सांगितल्या होत्या. दुसरं माणूस आण, आईला आण, तिची कातडी सांगायची गरजच नाही. नाही तर वडिलांच्या डोळ्यांखाली कातडीच्या रंगाचा लेप दे, दुरून कोणाला दिसणार नाही. आई लगेच तयार झाली. साडी कोणती नेसू इथपर्यंत पोचली.

“मी बाबांनाच नेणार,” धाकटी म्हणाली. “आणि लेप नाही.”

“अगं, नोकरी जाईल.”

“लेप दिला तर नोकरी राहील. पण मी काय निवडलं आणि का निवडलं, ते कोणाला कळणार? लेपाचीच दुपार होईल ती.”

तो खाली मान घालून बसला होता. त्याला भेगांत मेण भरून वरून रंगवलेली कपाटं आठवली. बाजारात अशी कितीतरी जातात, आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. त्यानं तसलं काम कधी केलं नव्हतं, मालक म्हणाला तरी केलं नव्हतं. हे पोरीला त्यानं कधी सांगितल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग हिला हे आलं कुठून. त्यानं मान वर केली.

“मी येतो,” तो म्हणाला. “जसा आहे तसा.”

त्या दुपारी त्यानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला. नखांतली लाख मात्र निघाली नाही. दुकानात खुर्च्यांची ओळ मांडलेली, समोर पंधरा-वीस बायका. कच्च्या मुलींच्या आया आणि मावश्या आधीच येऊन बसलेल्या, चेहरे असे की त्यांच्यात बघून भांग पाडावा. तो एकटाच पुरुष. एका बाईनं त्याला अदबीनं सांगितलं, की काका, तो कोपऱ्यातला दिवा मघापासून लुकलुकतोय, तेवढा बघा. तो बरं म्हणाला आणि खरंच दिवा बघायला उठला. तेवढ्यात धाकटीनं त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

त्याचे कान गरम झाले होते. त्यामुळे सुरुवातीचं तिचं बोलणं त्याला तुटक ऐकू आलं. हे माझे वडील. लाकडाला पॉलिश करतात. यांच्या डोळ्यांना आधी काय हवं होतं, तर काही लावणं नव्हे, काही थांबवणं. मग तिनं सगळं ओळीनं सांगितलं. मनगट, वाफ, चष्मा. वासाचं का नाही, जळजळीत का नाही, जड का नाही. एवढं सगळं नाकारून मग एक का ठेवलं. ती घाबरलेली नव्हती. तिच्या बोलण्यात एकही शब्द विकण्यासाठी नव्हता. सुरकुत्यांचं काय, असं समोरून कोणी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की त्या गेलेल्या नाहीत, एका महिन्यात त्या कशानंच जात नाहीत, आणि माझ्याकडे त्या घालवायला हे आलेच नव्हते; यांची आग होत होती, ती थांबवायची होती, ती थांबली. मागे उभ्या असलेल्या मॅडमची भुवई जराशी हलली.

“आता हे पांढरे दाणे,” धाकटी म्हणाली, आणि तिनं दिवा त्याच्या चेहऱ्याकडे वळवला. “चांगलं चाललं होतं, ते यांनी माझ्या काळजीनं बिघडवलं. जड मलमाचे हातावर हात चढवले, तेही कापसाच्या बोळ्यानं घासून. पण चूक माझी आहे. एकच हात द्या, एवढंच मी सांगितलं. का एकच, ते सांगितलं नाही. कारागिराला कारण न सांगता काम सांगितलं.”

बायका हसल्या, पण ते हसणं टोचणारं नव्हतं. त्याला मात्र राहवेना. पोरीनं बापाची चूक स्वतःच्या अंगावर घ्यावी हे त्याच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. तो खुर्चीत बसल्या बसल्याच बोलू लागला. नाही हो, तिनं सांगितलं असतं तरी मी केलंच असतं. लाकडावर असेच फोड येतात, आत ओल कोंडली की. पण फोड आलेलं लाकूड मी घासून पुन्हा कोरं करू शकतो. ही कातडी घासायला गेलो तर उरणार काय. लाकूड मेलेलं असतं, म्हणून तर ते आपलं सगळं ऐकून घेतं. हे जिवंत आहे. याला जेवढं हवं तेवढंच हे घेतं, बाकीचं तोंडावर मारतं. हे त्यानं तोंडावर हात फिरवून सांगितलं, तेव्हा मघाशी दिवा दाखवणारी बाईसुद्धा पोट धरून हसली.

मग दुसऱ्या ओळीतली एक वयस्क बाई उठली. सगळा वेळ तिनं काळा चष्मा लावलेला होता. ती पुढे आली आणि तिनं चष्मा काढला. तिच्या डोळ्यांखाली तशीच लाली, तसेच दाणे. ती हळू आवाजात म्हणाली की मी पण चोळते, रोज, जोरानं. जेवढं महाग तेवढं जास्त लावते. सुनेसमोर आणि नातींसमोर चष्मा काढायची लाज वाटते. इथे याआधी तीनदा आले, दर वेळी आणखी एक डबी घेऊन गेले. “माझं काय काय बंद करायचं, ते तू सांगशील का गं?”

धाकटीनं बापाला खुर्चीतून उठवलं आणि तिला बसवलं. तिची हनुवटी धरली, चेहरा वळवला. तो भिंतीला टेकून उभा राहिला. पोरीचं चौथं बोट त्या परक्या बाईच्या डोळ्याखालच्या हाडावर उतरलं तेव्हा बाईनं डोळे मिटले. पूर्ण मिटले, झोपेत मिटावेत तसे. आयुष्यभरात त्याच्या हाताखालून शेकडो टेबलं, कपाटं, पलंग गेले असतील, कशानंही त्याच्यापुढे असे डोळे मिटले नव्हते. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खुर्चीच्या मागे आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या, आपापल्या पिशवीतल्या डब्या हातात घेऊन.

मॅडम त्याच्याजवळ आली. चहा घेणार का विचारलं, त्यानं नको म्हटलं. ती काही वेळ धाकटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आज माझ्या डब्या कमी खपणार असं दिसतंय. पण या सगळ्या परत येतील, आणि हिलाच विचारत येतील. डोळ्यांचा कप्पा उद्यापासून हिच्याकडे.” जायला वळली आणि परत थांबून म्हणाली, “काका, तुम्ही तेवढे माझ्या मलमांपासून लांब राहा.”

दुकानात गर्दी वाढत होती, त्याला उभं राहायला जागा उरली नव्हती. धाकटीनं बायकांच्या डोक्यांवरून त्याला खूण केली, बाबा, तुम्ही घरी जा, मला उशीर होईल. तो बाहेर आला. पण घरी गेला नाही. दुकानासमोर एक बाक होता, त्यावर बसला. आतल्या उजेडात पोरीची पाठ दिसत होती, मान खाली, एक खांदा थोडा उचललेला.

इमारतीचा रखवालदार दोनदा त्याच्यावरून फेरी मारून गेला. तिसऱ्यांदा थांबला. कोणाची वाट बघताय, काका, असं त्यानं विचारलं.

“ती बघ,” तो म्हणाला. “डोळ्यांच्या कप्प्यापाशी उभी आहे ना, जिच्याभोवती एवढ्या बायका आहेत, ती. ती आमची धाकटी. कोरियन वस्तू असतात इथे, कातडीच्या. कोणाला काय लावायचं आणि काय नाही, ते ती ठरवते. अवघड काम आहे. हाताचं काम आहे.”

रखवालदारानं काचेतून आत बघितलं, मान हलवली आणि म्हणाला की दुकान बंद व्हायला अजून पुष्कळ वेळ आहे.

“असू दे,” तो म्हणाला, आणि चष्मा सारखा करून पुढे सरकून बसला.